गाडी झटके का देते? आधी वही, मग गॅरेज

मागच्या खेपेला आपण गटाच्या हिशोबवह्यांबद्दल बोललो. आजही एका वहीबद्दलच बोलायचं आहे, पण ही वही आमच्या गटाच्या गाडीत असते, ड्रायव्हरच्या सीटमागे सुतळीनं बांधलेली.

गाडी म्हणजे जुनी पेट्रोलची व्हॅन. तीन सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, हातानं टाकायचे चार गिअर. आम्ही पाटण तालुक्यातल्या. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला नाचणीचे पापड, कुरडया, घेवडा नेतो आणि येताना नारळ, कोकम, सुकी मासळी भरून आणतो. म्हणजे घाट चढायचा तो भरल्या गाडीनं.

गेल्या पावसाळ्यात ही गाडी झटके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम धक्का, मग पुन्हा मरगळ. गॅरेजच्या भाषेत याला गाडी मिस मारते म्हणतात. एका संध्याकाळी धुक्यात, वळणाच्या अलीकडे ती पार बसली. आम्ही पाच जणी आत, मागून ट्रक येतायत. चाकांना दगड लावले, एक जण मोबाईलची बॅटरी लावून मागं उभी राहिली. त्या संध्याकाळची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो.

पहिल्या गॅरेजवाल्यानं तिन्ही प्लग बदलले. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग म्हणाला, "इंजिन उतरवावं लागेल, ३५ हजार धरून चाला." बैठकीत वादावादी झाली. ३५ हजार गाडीला घातले तर पेरणीच्या तोंडावर अंतर्गत कर्ज कुणाला द्यायचं? कुणी म्हणालं, विकून टाका. आणि गावात एक बोलणं सुरू झालंच, की बाई चालवते म्हणून गाडीची वाट लागली. आमची गाडी गटातलीच एक वहिनी चालवते. पक्कं लायसन आहे तिचं. ती बैठकीत काही बोलली नाही, किल्ली तेवढी पुढ्यात ठेवली. मग आम्ही तिच्या दिरांना एक खेप चालवायला लावली. त्याच घाटात, त्याच वळणाला गाडीनं त्यांनाही झटके दिले. किल्ली वहिनीकडे परत गेली.

मग एकीनं विचारलं, म्हैस दूध देईना झाली तर डॉक्टर आधी काय विचारतात? कधीपासून, काय खाल्लं, रवंथ करते का. गाडीबद्दल आपल्याला कुणी हे विचारलंच नाही, आणि आपणही सांगितलं नाही. आपण फक्त "झटके देते" म्हणालो. तिथून वही सुरू झाली. प्रत्येक झटक्याची नोंद: इंजिन गार होतं की गरम, पाऊस होता का, कितवा गिअर, चढ की सपाट, माल किती, टाकीत पेट्रोल किती, गाडी उभी असतानाही इंजिन थरथरत होतं का.

गिअरच्या गाडीत आधी एक निवाडा करावा लागतो. दोष इंजिनाचा आहे की क्लचचा? चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढत जातो पण गाडी त्या मानानं पळत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. फक्त पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडतानाच गाडी थडथडते, तर तोही बहुतेक क्लचचा किंवा इंजिनाच्या रबरी बैठकीचा दोष. पण इंजिनाचा आवाजच अडखळत असेल, न्यूट्रलमध्येही सायलेन्सरमधून एका लयीऐवजी मधेमधे भक् भक् येत असेल, तर इंजिन मिस मारतं आहे. आणि एक कबुली देऊन टाकतो. काही झटके आमच्या सवयीचेही होते. पेट्रोल वाचेल म्हणून वहिनी चढावर तिसरा गिअर सोडायची नाही. वेग कमी आणि गिअर वरचा असला की चांगलं इंजिनही गचके देतं. दुसरा गिअर वेळेत टाकल्यावर ते थांबले. उरले ते खरे.

तीन आठवड्यांत वहीत दोन वेगळ्या तऱ्हा दिसल्या. पहिली: ओल्या सकाळी गाडी सुरू केल्यापासूनच थरथरते, कोरड्या दुपारी नाही. दुसरी: पाऊस असो नसो, भरल्या गाडीनं लांब चढ चढताना काही वेळानं दम तुटतो. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट चालते. म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते.

वही घेऊन आम्ही दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, पहिलं विजेचं दिसतंय, दुसरं पेट्रोलचं. आमच्या गाडीत पुढची सीट उचलली की खाली इंजिन. त्यांनी तिन्ही प्लग काढून ओळीनं फडक्यावर ठेवले. दोघांचं टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं, तसंच असायला हवं. मधल्या सिलिंडरचा प्लग काळा आणि पेट्रोलनं ओला. म्हणजे तिथं पेट्रोल पोचतं, पण जळत नाही. तीनातला एक बैल जू टाकून उभा. त्यांनी हा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहिला. दोष मधल्याच सिलिंडरला राहिला, म्हणजे प्लग चांगला. मग प्लगच्या वायरी आपसात बदलल्या, तर दोष वायरीबरोबर शेजारी सरकला. नवा भाग न घेता, फुकटात वायर सापडली. संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. त्या वायरीवरून निळसर ठिणग्या बाहेर लोखंडावर उडताना आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. रबराला भेगा पडलेल्या. प्लगपर्यंत जाणारी वीज काही हजार व्होल्टची असते, तिला ओलसर भेग मिळाली की ती सोपी वाट धरते. चढावर हे जास्त का होतं, तेही त्यांनी सांगितलं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त जोर लागतो. म्हणून अशक्त वायर सपाटीला चालून जाते आणि घाटात उघडी पडते. वायरींचा संच बदलला, वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणालाही आतून बारीक तडा होता, तेही बदललं.

हा फवाऱ्याचा प्रकार घरी करू नका. चालू इंजिनाच्या वायरीला हात लावायचा नाही, जबर झटका बसतो. प्लग काढायचा तो इंजिन गार झाल्यावर, आणि वायर ओढायची ती टोपीला धरून. जवळ विडीकाडी नको, कोंदट शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुरानं माणूस दगावतं. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा बांधा. पंख्याचा पट्टा कुणाची गय करत नाही.

दुसरा आजार सोपा निघाला. टाकीत आतून गंज धरला होता आणि पेट्रोलचा छोटा फिल्टर चहाच्या गाळणीसारखा तपकिरी झाला होता. सपाटीला थोडं पेट्रोल पुरतं. चढावर जास्त लागतं, तेवढं त्यातून येत नाही. थांबलं की कार्बोरेटरची वाटी हळूहळू भरते आणि गाडीला वाटतं आपण बरे झालो. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, कार्बोरेटरची जेट साफ केली. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. म्हणून जुन्या गाडीची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवू नये आणि रबरी नळ्या अधूनमधून दाबून पाहाव्यात. चिकट किंवा कडक झाल्या असतील तर बदलाव्यात.

वायरी, झाकण, फिल्टर, मजुरी, सगळं मिळून २,८०० रुपये झाले.

तुमच्या गाडीचा दोष वेगळा असू शकतो. तिन्ही प्लग कोरडे काळे असतील तर हवेचा फिल्टर तुंबलाय का पाहा, किंवा चोक ओढलेलाच राहिलाय का. आमच्याकडून ते दोनदा झालंय, हसू नका. प्लग तेलकट असेल तर मात्र इंजिन तेल खातंय, तिथं मोठा खर्च येऊ शकतो. प्लग पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे. तेव्हा कार्बोरेटरजवळची एखादी नळी फाटून सूं सूं आवाज येतो का, कान देऊन ऐका. डिझेलच्या पिकअपला हे प्लग नसतातच, तिथं आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि नळीत शिरलेली हवा बघतात. आणि तुमच्या गाडीत कार्बोरेटर नसून इंजेक्टर असतील, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागत असेल, तर मशीन लावून तपासणारं गॅरेज गाठा. तिथंही वही न्या. मशीन खराबीचा नंबर सांगतं, पाऊस होता का ते सांगत नाही.

आणि मेकॅनिकला "प्लग बदला" असं जाऊन सांगू नका. तो बदलेल, आणि पैसे घेईल. काय होतं आणि कधी होतं, ते सांगा. काढलेला जुना भाग परत मागा.

वही अजून चालू आहे. परवाची वहिनीची नोंद अशी: "सोमवार. धुकं. दुसरा गिअर, नारळाची सहा पोती. झटका नाही. मागचं दार वाजतंय, बघायला पाहिजे."