सर रविंदर मैनी यांचे संधिवात-संशोधन
(व्याख्यानाचा मजकूर)



संशोधकाच्या नावावर किती शोधनिबंध आहेत, हे विचारण्याची आता रीतच पडली आहे. संख्या मोजणे सोपे असते. परंतु आधीच्या निबंधाने उभ्या केलेल्या शंकेला पुढचा निबंध सामोरा जातो की नाही, हे पाहावयाचे तर ते कालक्रमानेच वाचावे लागतात. सर रविंदर मैनी यांचे निबंध असे वाचण्याजोगे आहेत.

मैनी यांचा जन्म १९३७ साली लुधियाना येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह युगांडात गेले, शिक्षण केंब्रिज येथे झाले आणि कार्य घडले ते लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात व केनेडी संस्थेत. त्यांचा विषय ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो विकार. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटे आखडतात, पुढे सांधे वाकडे होतात. अशा सांध्यात दाह वाढविणारे अनेक रासायनिक निरोपे असतात; त्यांपैकी एकाला अडविले तर दुसरा त्याचे काम करील, म्हणून प्रयत्न व्यर्थ, असा तज्ज्ञांचा समज होता.

१९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मैनी, मार्क फेल्डमन आणि फिओनुला ब्रेनन यांच्या गटाने या समजाला धक्का दिला. रुग्णांच्या सांध्यांतील पेशी काचपात्रात वाढवून त्यांनी टीएनएफ हा एकच निरोप्या रोखला, तेव्हा इंटरल्यूकिन-१ हा दुसराही मंदावला. १९९२ चा निबंध उंदरांमध्ये सांधेदाह उत्पन्न करून केलेल्या प्रयोगाचा आहे. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या समाजाला हे खटकणे स्वाभाविक आहे, आणि ते झाकून सांगण्यात अर्थ नाही. पुढे वापरलेल्या इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिपिंडाचाही काही अंश मूळ उंदराचाच आहे.

त्याच वर्षी २० रुग्णांना हे औषध शिरेतून देण्यात आले. नेहमीच्या औषधांनी गुण न आलेले हे रुग्ण होते. त्यांना लक्षणीय आराम पडला. मात्र औषधाचा प्रभाव ओसरताच दुखणे परतले. हेही छापले गेले. शिवाय, कोणाला काय दिले हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक असताना आलेल्या गुणावर किती विसंबावे, हा प्रश्न होताच.

त्याचे उत्तर १९९४ च्या निबंधात आहे. ७३ रुग्ण, तीन गट. कोणाला औषध आणि कोणाला निव्वळ भासऔषध, हे कोणासही ठाऊक नाही. चार आठवड्यांनी भासऔषध घेतलेल्या २४ पैकी २ रुग्णांना गुण आला, अल्प मात्रेच्या २५ पैकी ११ जणांना, तर मोठ्या मात्रेच्या २४ पैकी १९ जणांना. साऱ्या मालिकेत हाच निबंध सर्वांत भक्कम म्हणावा लागेल. पुन्हा पुन्हा दिल्यावर शरीर या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते, असे आढळले. तेव्हा १९९८ साली १०१ रुग्णांवरील अभ्यासात जोडीला मेथोट्रेक्सेट देऊन तो अडथळा कमी करता येतो, हे दाखविले गेले. १९९९ मध्ये ४२८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २००३ साली मैनी व फेल्डमन यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निबंध मात्र मैनींचा नाही. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी हे औषध घेतलेल्या ७० रुग्णांना क्षयरोग झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. टीएनएफ हा केवळ खलनायक नव्हे. शरीरात सुप्त असलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही तोच करतो. त्याला रोखले की ती कोंडी फुटू शकते. म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असल्यास तो संकोचाने लपवू नये, डॉक्टरांना आधीच सांगावा.

आमवात झालेल्या प्रत्येकाला हे महागडे इंजेक्शन लागते, असेही नाही. उपचाराचा आरंभ आजही बहुधा मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या स्वस्त गोळ्यांनी होतो, आणि पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. ती चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकते.