आपल्या हातून सुटलेली सुई



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, हा या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बहुमान आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. मी मात्र घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या वापरलेल्या सुयांविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण तो मला गुरुजींच्याच घरी प्रथम भेटला, म्हणून आज तोच निवडला.

गुरुजींना मधुमेह होता, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७० च्या सुमारास सकाळी वह्यांचा गठ्ठा आणायला मी त्यांच्या घरी जात असे, तेव्हा स्टोव्हवरच्या छोट्या भांड्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळत असे. ती निवली की गुरुजी मांडीत इंजेक्शन घेत आणि सिरिंज धुऊन डबीत ठेवून देत. एक सुई कितीतरी दिवस चाले. ती बोथट झाली की एका पत्र्याच्या डब्यात जाई. त्या डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलेले होते. सुई आत जाई, बाहेर येत नसे. एकदा मी विचारले, “गुरुजी, सुई गायरीत का टाकत नाही?” ते म्हणाले, “गायरीतले खत बागायतीत जाते. काजूच्या दिवसांत तिथून तुम्ही पोरे अनवाणी जाता. सुई माझी, आणि पाय तुझा, असे कसे चालेल?”

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला डॉक्टर होऊनही बरीच वर्षे लागली.

इन्सुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली लागला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. तोवर ज्या मुलांना हा रोग होई, त्यांचा मृत्यू ठरलेला असे. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांच्या नावे या शोधाचा जो स्वामित्वहक्क होता, तो त्यांनी १९२३ साली प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केला. ज्यांना आपण कधी पाहणार नाही, अशा माणसांचा विचार या औषधाच्या उगमापाशीच झालेला आहे, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पुढे काचेची सिरिंज गेली आणि एकदा वापरून टाकण्याची प्लॅस्टिकची सिरिंज आली. १९८५ साली इन्सुलिनचे पेन बाजारात आले. सुई इतकी बारीक झाली की टोचल्याचे भानही होत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. परंतु गुरुजींच्या घरात सुई टाकण्याचा प्रसंग क्वचित येई, तो आता रोजचा झाला. दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणाऱ्याच्या, प्रत्येक वेळी नवी सुई वापरल्यास, वर्षाला ७३० सुया होतात. चार वेळा घेणाऱ्याच्या १,४६०. रक्तातली साखर पाहण्यासाठी बोटाला टोचण्याच्या सुया वेगळ्याच. एका गावात दोनदा इन्सुलिन घेणारी वीस माणसे धरली, तरी वर्षाला साडेचौदा हजारांवर सुया झाल्या. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. पाहिलेल्या राज्यांत ते सर्वांत अधिक होते. या सर्वांना इन्सुलिन लागते असे नाही. तरीही हा प्रश्न आपल्या दाराशी आहे, हे मान्य करावे लागेल.

आता जे सांगायचे आहे, ते सांगताना मला संकोच वाटतो. पण गुरुजींच्या नावाने बोलताना ते लपविणे योग्य नव्हे. माझी आई अखेरच्या वर्षांत दिवसातून दोनदा इन्सुलिन घेत असे. टोचण्याचे काम मीच करी. सुईला टोपण लावून ती सिरिंज सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकावी, असा माझा क्रम होता. दवाखान्यात मी सुयांसाठी वेगळा डबा ठेवीत असे. घरी आलो की तोच मी हे ज्ञान विसरत असे. एके दिवशी कचरा वेगळा करणारी एक बाई बोटाला फडके गुंडाळून दारात उभी राहिली. टोपण निसटलेली सुई तिच्या बोटात गेली होती. पिशवीत आईच्या औषधांची वेष्टने होती, त्यावरून तिने घर ओळखले. “डॉक्टर, तुमच्याच पिशवीतली होती,” एवढेच ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, याचीच मला अधिक लाज वाटली.

आईचे रक्त तपासले, त्यात दोष नव्हता. पण अनेक घरांच्या पिशव्या एकत्र रिकाम्या केल्या होत्या. ती सुई आमचीच, हे छातीवर हात ठेवून कोण सांगणार? तिला काविळीची लस पूर्वी मिळालेली नव्हती. ती सुरू केली. पुढचे सहा महिने ती रोजंदारी बुडवून तपासणीसाठी जात राहिली. घरी धाकटे मूल होते. “त्याला जवळ घेऊ ना?” असे तिने मला दोनदा विचारले. “अवश्य घे,” असे मी दोन्ही वेळा सांगितले. पण तो प्रश्न तिच्यावर यावा, याला माझी एक सुई कारण झाली होती. अखेर सर्व तपासण्या निर्दोष आल्या. ते सहा महिने मात्र मी तिला परत देऊ शकलो नाही.

धोका किती असतो, हे भीती न घालता सांगतो. रुग्णालयांतील अनुभवावरून असे दिसते की, एच.आय.व्ही.बाधित रक्ताची सुई टोचल्यास हजारांत सुमारे तिघांना लागण होते. हिपॅटायटिस बी या काविळीचे प्रमाण लस न घेतलेल्यांत पुष्कळच मोठे, शंभरात सहापासून तीसपर्यंत, असते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकू शकतो. इन्सुलिनची सुई बारीक असल्याने धोका त्याहून कमी असतो, पण तो शून्य नसतो. सुई टोचलीच, तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. बोट पिळू नये, चोखू नये. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एच.आय.व्ही. रोखणारी औषधे लागणार असतील, तर ती शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

परंतु टोचल्यावर धावण्यापेक्षा टोचू न देणे सोपे आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. कपडे धुण्याच्या द्रव साबणाची किंवा तत्सम जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्यावी. पाण्याची पातळ बाटली नको. सुई तिच्यातून आरपार जाते. इंजेक्शन झाल्याबरोबर, उठण्यापूर्वीच, सिरिंज सुईसकट त्या बाटलीत टाकावी. टोपण पुन्हा लावण्याच्या खटपटीतच पुष्कळदा सुई स्वतःच्या बोटात जाते. पेनची सुई काढताना मात्र तिचे बाहेरचे मोठे टोपण एका हाताने बसवून, फिरवून सुई काढावी व बाटलीत टाकावी. ती पेनला तशीच ठेवू नये. बोटाला टोचण्याच्या सुयाही त्याच बाटलीत जाव्यात. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळावी आणि ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असे ठळक लिहावे. मुलांच्या हाती ती लागू नये.

ती बाटली सुक्या कचऱ्यात, भंगारात, संडासात वा गायरीत जाऊ नये. चुलीत किंवा अंगणात जाळूही नये, कारण प्लॅस्टिक जळते आणि सुई राखेत उरते. कासारवर्णे किंवा तुये येथे औषधासाठी जाताना तेथील डॉक्टरांना किंवा परिचारिकेला आधी विचारून बाटली त्यांच्या हाती द्यावी. रुग्णालयांतील सुया नियमानुसार निर्जंतुक करून मग त्यांचे तुकडे करण्यात येतात वा त्या कायमच्या बंदिस्त केल्या जातात. घरातल्या सुईलाही त्याच वाटेला लावणे, एवढेच आपले काम.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. २०१६ साली केंद्र सरकारने काढलेल्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया व सिरिंज ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून वेगळ्या ओळखल्या गेल्या, आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे असे त्यांत म्हटले होते. पण हे प्रमाण शहरे आणि नगरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते. सड्यावरच्या वाड्यांनी त्याची वाट पाहत बसू नये. आमच्या लहानपणी ज्या सड्यावर गुरे चरत, तेथे ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. इतका मोठा बदल आपण पचवला; गावात सुयांचा एक डबा ठेवणे आपल्याला कठीण का व्हावे?

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक सूचना ठेवतो. आरोग्य केंद्राशी व पंचायतीशी बोलून, घराघरांतल्या बाटल्या महिन्यातील एका ठरलेल्या दिवशी सुरक्षितपणे पोहोचविण्याची व्यवस्था आपण उभी करावी. ती बाटली कोणीही उघडणार नाही, आणि मुलांना या कामात घेतले जाणार नाही, एवढी शिस्त पाळावी. जे कचरा वेगळा करतात, त्यांना जाड हातमोजे आणि काविळीची लस मिळावी, यासाठीही आपण आग्रह धरावा. या कामासाठी पहिली बाटली मी आज घरून आणली आहे. ती रिकामी आहे आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे. सभा संपल्यावर ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे, त्यांनी ती पाहून जावी आणि घरी तशीच करावी.

गुरुजींनी आम्हांला शुद्धलेखन शिकविले, गणित शिकविले. भोक पाडलेल्या त्या डब्याचा धडा त्यांनी एकदाच दिला आणि मी तो उशिरा शिकलो. माझ्या उशिराची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हे सारे आपल्यापुढे मांडले.