जुन्या गाडीचं ॲव्हरेज: आधी मोजमाप, मग पाना
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आत्ता सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या बऱ्याच आहेत. काहींची पंधरा वर्षं उलटून, आरटीओत फिटनेस होऊन, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणीही झाली असेल. या गाड्यांच्या मालकांना नवी गाडी घ्या असं सांगणारे ठायी ठायी भेटतात. मी ते सांगायला आलेलो नाही. आहे ती गाडी नीट चालावी आणि तिने पेट्रोल वाजवी खावं, हा आजचा विषय आहे. मी आयुष्यभर तंत्रशिक्षण संस्थेत मोटारीचं इंजिन शिकवलं, आणि पोरांना पहिल्या दिवसापासून एकच सांगत आलो: हातात पाना घेण्याआधी वही घ्या.

वही कशासाठी ते सांगतो. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं आपण म्हणतो, तो आकडा बहुतेकदा एका टाकीचा असतो. पंपावर टाकी फुल केली, ३०० किलोमीटर फिरलो, परत फुल केली, २० लिटर बसलं. ३०० भागिले २०, पंधरा. आता यात चूक किती ते पाहा. पंपाची नळी आपोआप बंद होते ती टाकीत पेट्रोलचा फेस किती झाला, गाडी कुठल्या बाजूला कललेली आहे, नळी किती आत घातली आहे, यावर. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत लिटरभराचा फरक सहज पडतो. म्हणजे २० ऐवजी १९ बसलं असतं तर ॲव्हरेज १५.८ आलं असतं, आणि २१ बसलं असतं तर १४.३. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा तोच, आणि आकड्यात दीड किलोमीटरचं अंतर! अशा वेळी कोणी नवे प्लग बसवून ‘एक किलोमीटर वाढलं’ असं सांगू लागला तर त्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

यावरचा उपाय फुकट आहे. टाकी एकदा फुल करायची, ओडोमीटरचा आकडा लिहायचा. त्यानंतर दर वेळी जितकं पेट्रोल घ्याल तितके लिटर लिहीत जायचे. पाचशेचं टाका, हजाराचं टाका, काहीही चालेल. फक्त पावतीवरचे लिटर लिहा, रुपये लिहू नका, कारण भाव बदलतात. मधल्या वेळी टाकी फुल करायची गरज नाही. दीड-एक हजार किलोमीटर झाले की मात्र पुन्हा त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, फुल करायची. नळीच्या लिटरभर फरकाची चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुलमध्ये राहते. शंभर लिटरमध्ये ती एक टक्का होते. १५०० किलोमीटरला शंभर लिटर लागलं, तर खरा आकडा १४.८५ ते १५.१५ च्या दरम्यान आहे हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. मग अर्ध्या किलोमीटरचा फरकही खरा फरक असतो.

फुल करताना एक पथ्य. नळी पहिल्यांदा ‘टक्’ करून बंद झाली की थांबायचं. पंपावरचा मुलगा ‘साहेब, राउंड फिगर करू?’ म्हणून नळी पुन्हा दाबतो, त्याला आधीच नको म्हणून सांगा. त्याने हिशेब तर बिघडतोच, शिवाय इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं की तो निकामी होतो.

पंपाच्या मापाबद्दल लोकांच्या मनात फार शंका असते. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे अर्धा टक्का. शंका असेल तर तिथल्या तिथे माप मागा, तो आपला हक्क आहे. आणि पेट्रोल पहाटे भरलं तर जास्त मिळतं, या समजुतीसाठी झोपमोड करू नका. पेट्रोल एका अंशाला साधारण एक सहस्रांश फुगतं हे खरं. पण ते जमिनीखालच्या टाकीत असतं आणि तिथे दिवसभरात तापमान फारसं हलत नाही.

दुकानदाराचा काटा रिकाम्या पारड्याला शून्यावर आहे ना हे आपण आधी पाहतो, तसा ओडोमीटरही तपासावा. मोकळ्या महामार्गावर किलोमीटरचे दगड बघत वीस-तीस किलोमीटर जा, आणि गाडी किती दाखवते ते पाहा. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर ओडोमीटर कमी दाखवतो आणि ॲव्हरेज उगाचच पडल्यासारखं वाटतं. जुन्या गाड्यांत ही गोष्ट हमखास सापडते, कारण मधल्या मालकाने काय बसवलं होतं ते कोणाला माहीत नसतं.

आता थोडं गणित, कारण इथे भले भले फसतात. गावात गाडी १२ देते, हायवेला १८ देते, म्हणून सरासरी १५, असं आपण सांगतो. दोन्हीकडे १८० किलोमीटर चालवली असेल तर गावात १५ लिटर गेलं, हायवेला १०. एकूण ३६० किलोमीटरला २५ लिटर, म्हणजे १४.४. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात असा विचार करा. १८ ची गाडी २२ वर नेली तर शंभर किलोमीटरमागे एक लिटर वाचतं. १० ची गाडी नुसती १२ वर आणली तर एक लिटर आणि वर जवळपास पाऊण लिटर वाचतं. म्हणून ज्या जुन्या गाडीबद्दल ‘आता हिचं काय बघायचं’ असं लोक म्हणतात, तिच्यातच वाचवण्याजोगं सगळ्यात जास्त असतं. हे मला मनापासून सांगायचं आहे.

कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याशी मात्र तुलना करू नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं छापला गेलेला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर गाडी ठेवून, ठरावीक वेगाच्या आराखड्यानुसार, एसी बंद ठेवून काढलेला असतो. वेग ९० च्या वर जात नाही. दोन मॉडेलांची तुलना करायला तो ठीक आहे. तुमच्या गाडीची तुलना तुमच्याच गाडीच्या मागच्या वहीशी.

आता पाना घेऊ.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, कारण ते आपल्या भागात घरोघरी सापडेल. एमपीएफआय इंजिनाची मारुती ८००, मालक नोकरदार, तक्रार अशी की ॲव्हरेज हळूहळू पडत गेलं. प्लग बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले, फरक नाही. आम्ही प्लग काढले. प्लगचं टोक फिक्कट तपकिरी असेल तर जळण नीट होतंय. इथे तिन्ही प्लगवर कोरडी काळी काजळी होती. म्हणजे इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत होतं. का मिळतंय? इंजिन थंड असताना सुरू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. चांगल्या गाडीत हा पाइप बराच वेळ थंड राहतो, आणि इंजिन ८०-८५ अंशांच्या पुढे गेलं की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उघडून तो एकदम तापतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून कोमट व्हायला लागला. गाडी बाहेर काढली तर तापमानाचा काटा अर्ध्यावर यायलाच तयार नाही. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, आत व्हॉल्व्ह नव्हताच! कधीतरी उन्हाळ्यात घाटात गाडी तापली असणार, आणि कुणीतरी व्हॉल्व्ह काढून टाकून प्रश्न मिटवला असणार. मालकाला कोणी सांगितलंही नव्हतं.

याचा परिणाम काय होतो? इंजिन कायम अर्धवट थंड राहतं. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो की इंजिन अजून गरम झालेलं नाही, आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल घट्ट राहतं, आत घर्षण वाढतं. नवा व्हॉल्व्ह काही शे रुपयांत मिळतो. तो बसवला, कूलंट भरलं, हवा काढली, आणि काटा आपल्या जागेवर आला. नंतरच्या वहीने बाकीचं सांगितलं. तुमच्या गाडीचा काटा हायवेला खाली घसरत असेल तर उद्याच मिस्त्रींना विचारा, ‘व्हॉल्व्ह आहे का आत?’

दुसरा दोष असाच लपलेला असतो: घासणारे ब्रेक. पावसाळ्यात गाडी उभी राहते, कॅलिपरच्या पिना गंजतात, पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतो. पाचेक किलोमीटर सरळ रस्त्याने, ब्रेक फारसा न मारता चालवा, उतरा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तुमचं पेट्रोल तिथे जळतंय. हँडब्रेकची केबल अडकली असेल तर मागच्या चाकांचं तेच होतं.

एअर फिल्टरबद्दल समज आणि वस्तुस्थिती वेगळी आहे. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी पडते आणि पेट्रोल वाढतं. तिथे फिल्टर बदलून ॲव्हरेज खरंच सुधारतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर येणाऱ्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल कमी करतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने गाडीचा पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने हे मोजून दाखवलेलं आहे. फिल्टर बदला, इंजिनाच्या आरोग्यासाठी बदला, पण त्यातून ॲव्हरेजची अपेक्षा ठेवू नका. सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर मात्र म्हातारा झाला असेल तर तो खूप पेट्रोल खातो. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर त्यावर चिकटपट्टी लावू नका, स्कॅनर लावा.

टायरमधली हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजा. चालून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पॉइंट जास्तच दिसतात. स्वतःचं मीटर घ्या, कारण प्रत्येक पंपावरचं वेगळं सांगतं. आणि पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक रुपयाही घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून अधिक साधनं तपासली आहेत आणि ठळक फायदा कशातच दिसलेला नाही.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चा वेग १०० वर नेला की हवा दीडपटीहून अधिक जोराने मागे ढकलते. जुन्या छोट्या गाडीला हायवेवर साठ ते सत्तरच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये, डाव्या लेनने जाऊ द्या. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. खंबाटकी असो, कसारा असो, उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय अजूनही दिसते. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल जास्त जातं आणि गाडी धरायला फक्त ब्रेक उरतात, ते तापले की तेही उरत नाहीत. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पूर्ण बंद होत नाही, पण थेंबभर वाचवण्यासाठी घाटात जीव टांगणीला लावणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. चावी बंद करून उतरणाऱ्यांचा तर ब्रेकचा बूस्टरही जातो.

शेवटी इथेनॉल, कारण हा प्रश्न तुम्ही विचारणारच. २०२५ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आहे. आपल्या ऊस पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना त्याचा आधार आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज सुमारे इतकंच घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही आहे. ज्यांच्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल रास्त भावात मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. घटलेल्या ॲव्हरेजचा भार सगळ्यात जुनी गाडी वापरणाऱ्या माणसावर पडतो.

वही इथेही उपयोगी पडते. १५ चं १४ झालं असेल तर त्याचं उत्तर इंधनात आहे, गॅरेजमध्ये पैसे घालवू नका. १५ चं १२ झालं असेल तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका. वर सांगितलेले दोष शोधा. आणि जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप, त्यांचे क्लॅम्प, कार्बोरेटर असेल तर त्याची पॅकिंग, हे सगळं या वर्षी एकदा उघडून पाहा. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, भेगाळतं. सकाळी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका, मिस्त्रींना घरी बोलवा. गळणारं पेट्रोल वहीत कमी ॲव्हरेज म्हणून दिसतंच, पण ते तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं, म्हणून ॲव्हरेजच्या बाकी सगळ्या कामांआधी हे काम करा.