मुठीतली वाळू



दहावी-बारावीनंतरच्या मुलामुलींना नव्या व्यवसायांची वाट दाखवायचं काम आम्ही काही जण सांगली-साताऱ्यात करतो. पहिल्या वर्षी अठरा मुलं होती. प्रत्येकाचं घर मी पाहिलं होतं. चौथ्या वर्षी तीनशे झाली, आम्ही हरखून गेलो. त्या वर्षअखेरी खानापूर तालुक्यातली एक मुलगी वही घेऊन आली. काय जमलं, कुठं अडलं, हे आमच्या सांगण्यावरून तिनं दर आठवड्याला लिहिलं होतं. एकाही पानावर आमच्यापैकी कुणाची खूण नव्हती. "मॅडम, पुढच्या पोरींना वही लिहायला सांगू नका," एवढंच म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून मी आपल्याच भागातली जुनी कामं नव्यानं पाहू लागले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. नांगर घडवायचा तर मोल्डर हवेत, फिटर हवेत, आणि ते घडवायचे होते खेड्यातल्या माणसांतून. मोल्डिंग, म्हणजे लोखंड ओतायला वाळूचा साचा करणं, फळ्यावर शिकवता येत नाही. ओलसर वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची. ढेकळावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, मोडलं तर कडा शाबूत राहिल्या पाहिजेत. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर वाफेनं लोखंडात पोकळ्या राहतात. ही जाण येते ती जाणत्याच्या शेजारी उभं राहून. आणि एकाच्या शेजारी उभी राहणार किती जणं? चार, फार तर पाच.

हाच किर्लोस्करांचा नांगर विकत एके काळी भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. याच भाऊरावांनी, म्हणजे कर्मवीर अण्णांनी, १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. तिथं कोण उपाशी निजलं, हे कळायला हजेरीपट लागत नव्हता.

पण अण्णांना गावोगाव शाळा हव्या होत्या. एवढी माया एवढ्या गावांत पोचवायची कशी? १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारं विद्यालय काढलं. गावोगावच्या व्हॉलंटरी शाळांचं जाळं विणलं गेलं ते त्यानंतर, आणि त्या शाळा ५७८ पर्यंत गेल्या. मला त्या आकड्याहून हा क्रम मोठा वाटतो. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. मुलं तीनशे गोळा केली आणि वाचणारे होतो तिघं.

आता आमच्याकडे एका मार्गदर्शकाकडे पाचच मुलं असतात. मार्गदर्शक कमी पडले की आम्ही प्रवेश थांबवतो. दारातून मूल परत पाठवताना जीव तुटतो, पण न वाचलेली वही त्याहून वाईट. पाच वह्या नीट वाचायला रविवारची दुपार जाते.

येत्या जूनसाठी अकरा मार्गदर्शक कमी आहेत. माण, जत, आटपाडीकडचं कुणी इथं बसलं असेल, तर व्याख्यान संपल्यावर मी पायऱ्यांपाशीच थांबणार आहे.