सरहद्द कुणी हलवली?



दक्षिणेतल्या युद्धांवर बोला, असे संयोजकांनी सांगितले. धाराशिवात या विषयासाठी लांब जावे लागत नाही. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सीमा इथेच भिडत होत्या. सह्याद्रीसारखे कडे आपल्याकडे नाहीत, म्हणून संरक्षणाची सारी भिस्त तट, खंदक आणि तोफा यांच्यावर. परांड्याला दुहेरी तट आणि खंदक. नळदुर्गाला तर आदिलशाहीने बोरी नदीच कामाला लावली. इब्राहिम दुसरा याच्या काळात तिच्यावर बांध घातला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला.

एवढा बंदोबस्त पाहिला की वाटते, इथली सरहद्द तलवारीनेच सरकत असणार. मला आज नेमके उलटे सांगायचे आहे. आपल्या मुलखाचा धनी बदलला तो रणांगणावर कमी आणि कागदावर जास्त.

शेजारच्या सोलापूरपासून सुरुवात करू. १५२४ मध्ये आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून कबूल झाला. लग्न झाले, किल्ला मात्र मिळाला नाही आणि मेहुणे एकमेकांवर चालून गेले. पुढे विजयनगरविरुद्ध एकजूट हवी होती, तेव्हा हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरला दिली आणि आंदणात पुन्हा सोलापूरच! १५६५ ची तालिकोटची लढाई या सोयरिकीनंतरची.

आता परांडा. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही इथून चालवली. नंतर किल्ला आदिलशाहीकडे गेला आणि १६३२ मध्ये मुरार पंडिताने इथली मलिक-ए-मैदान तोफ विजापूरला नेली. सुमारे ५५ टनांचे ते धूड आजही तिथल्या बुरुजावर आहे. १६३४ मध्ये मोगल शहाजादा शुजा आणि महाबतखान मोठी फौज घेऊन परांड्याला वेढा घालून बसले. आसपास चारा उरला नाही, सरदारांत भांडणे लागली, पावसाळा तोंडावर आला आणि वेढा उठवावा लागला. जे महाबतखानाला जमले नाही ते पुढे तहाने जमले. मोगलांशी झालेल्या १६५७ च्या तहात विजापूरने परांडा देण्याचे कबूल केले आणि १६६० मध्ये किल्लेदारानेच तो शाहिस्तेखानाच्या हवाली केला.

खर्ड्याची लढाई सर्वांना ठाऊक आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी हैदराबादच्या निजामाला नमवले आणि तहात परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा घेतला. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, पुण्यात वारसाचा घोळ सुरू झाला. निजामाचा पाठिंबा हवा म्हणून नाना फडणविसांनी १७९६ च्या महाडच्या तहात तो मुलूख परत देऊ केला. रणात कमावलेले दीड वर्षात दरबारी राजकारणात गेले.

१८५३ मध्ये तर गोळीही सुटली नाही. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराची थकबाकी वाढली आणि ईस्ट इंडिया कंपनीने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग जिल्हा लावून घेतला. इथे अधिकारी म्हणून आला तो कादंबरीकार मेडोज टेलर. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची बक्षिसी म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर त्याला परत मिळाले. म्हणजे तुळजापूरच्या एखाद्या कुणब्याने दहा वर्षांच्या आत निजाम, कंपनी, राणी आणि पुन्हा निजाम असे चार धनी पाहिले, तेही आपले औत न हलवता. त्याला विचारले कुणीच नव्हते.

ही परंपरा मोडली ती १९४८ ने. सरहद्द पुन्हा तीच होती : अलीकडे निजामाचे नळदुर्ग, पलीकडे भारताचे सोलापूर. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या जाचाने गावेच्या गावे सीमेपलीकडे निघाली. सोलापूर-बार्शीच्या हद्दीत स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गावर आली आणि बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधीच तिने ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्गाजवळ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

इथेही निकाल फौजेनेच लावला, हे खरे. पण फरक पाहा. १५२४, १६५७, १७९६, १८५३, १८६० : या पाचही वेळी मुलूख कधी आंदण ठरला, कधी तहातली वस्तू, कधी कर्जातले तारण, तर कधी बक्षीस. १९४८ मध्ये इथली माणसे आधी तुरुंगात गेली, शिबिरांत गेली, घरदार सोडून गेली आणि मग फौज आली. इतिहासात आपल्या जिल्ह्याची सही प्रथम पडली ती तेव्हा. म्हणून १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्रामाचा दिवस फक्त निजामाच्या पराभवाचा नाही. आपल्या मुलखाचे आपल्याला न विचारता ठरवण्याची रीत ज्या दिवशी संपली, तो हा दिवस आहे. ती पुन्हा सुरू होऊ न देणे हे तुमचे-माझे काम.