मुलं जगली, तेव्हा कुटुंबं आटोपशीर झाली



लोकसंख्या भराभर वाढली की विकास का अडतो? अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात हे चटकन कळतं. पाऊस तेवढाच… जमीन तेवढीच… वाटण्या मात्र वाढतात. विहिरीला, शाळेला लागणारा पैसा धान्यातच संपतो. कुणी म्हणेल, जितके हात तितकी कमाई. खरंय… पण हातांना काम हवं. कोरडवाहू तुकड्यावर ते वर्षभर कुठून मिळणार?

मग कुटुंबनियोजनाची सक्ती करायची? आणीबाणीत ती झाली… आणि लोक नसबंदीच्या नावालाच बिचकू लागले. याच पट्ट्यातल्या जामखेडनं त्याआधीच दुसरी वाट धरली होती. 1970 साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबेल आरोळे यांनी तिथं आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या! त्यांनी बाळंतपणं सांभाळली… जुलाब झालेल्या बाळांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवलं. मुलं जगू लागली. पुन्हा सांगतो… मुलं जगू लागली, तेव्हाच आईबाप थोड्या मुलांवर थांबले. म्हातारपणाच्या आधारासाठी जास्तीची मुलं लागेनात. आधी विकास की आधी लहान कुटुंब, हा वाद म्हणूनच मला फोल वाटतो. जामखेडात दोन्ही हातात हात घालून आली… अर्थात, त्याला बरीच वर्षं लागली.