स्तनाच्या कर्करोगावरील लस : रक्तातली खूण आणि आयुष्याचा हिशेब

गोवराची लस शरीराला बाहेरच्या विषाणूची ओळख करून देते. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच पेशींतून बिघडून निपजते, आणि आपल्यांवर चालून जायचे नाही हा प्रतिकारशक्तीचा मूळ धडा. म्हणून अशा लशीपुढचा पहिला प्रश्न असतो, शरीराला दाखवायचे काय? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधील व्हिन्सेंट टुओही यांनी त्याला फार देखणे उत्तर शोधले. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन बाळ अंगावर पीत असताना स्तनात तयार होते, एरवी जवळजवळ नाहीच. पण ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या चिवट कर्करोगाच्या बऱ्याच गाठींत ते पुन्हा उगवते. त्यावरच नेम धरला, तर निरोगी अवयव वाचतात. उंदरांवरचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, स्त्रियांवरची पहिली चाचणी २०२१ मध्ये सुरू झाली आणि लस घेतलेल्या बहुतेकींच्या रक्तात प्रतिसाद दिसला.

पण रक्तात प्रतिसाद दिसला म्हणजे आजार उलटणार नाही, असे होत नाही. ‘न्यूव्हॅक्स’ची हकिगत यासाठीच ऐकायला हवी. हर-टू या प्रथिनाच्या एका तुकड्यापासून बनवलेल्या या लशीच्या सुरुवातीच्या चाचणीत, लस घेतलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांचा आजार पाच वर्षांत उलटला नाही; न घेतलेल्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, स्त्रियांच्या ऊतींच्या प्रकारावरून पाडलेले होते. पुढे ७५८ स्त्रियांवर, चिठ्ठ्या टाकून, मोठी चाचणी झाली. दोन्ही गटांत फायद्याचा फरक दिसेना आणि २०१६ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली.

मग कोणी विचारेल, जिच्या हाती वेळच कमी आहे, तिने या चिठ्ठ्यांची वाट का पाहावी? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यांची तळमळ मला कळते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चाचणीत हर-टू लस घेतलेल्या ६६ स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के दहा वर्षांनंतरही हयात होत्या; हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा उमेद देणारा आहेच. पण आजार बराच पसरलेला असूनही या स्त्रियांनी नेहमीचे उपचार आधीच पुरे केले होते आणि आजार आटोक्यात आल्यावरच त्यांना लस मिळाली. त्यातले श्रेय उपचारांचे किती आणि लशीचे किती, हे तुलनेचा गट नसताना कसे ठरवणार? एक लस फसली म्हणून कल्पनाच सोडून द्यावी, हेही मला पटत नाही. मोठी गाठ प्रतिकारशक्तीला दाबून टाकते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मोजक्या पेशींवर लशीला अधिक संधी मिळू शकते. नव्या चाचण्या तिथेच व्हाव्यात, आणि त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकीला, ती कोणत्याही गटात असो, आजचे प्रस्थापित उपचार पूर्ण मिळालेच पाहिजेत.